तिबेसिग्वामधला ‘ति’

आमच्या रुहिता टेकडीवर भांडण मिटवायचं असलं की लोक क्यारिकुंडाला बोलावत. पाद्री महिन्यातून एकदा यायचा. गावचा चेअरमन दोन्ही घरची आंबील पिऊन दोघांनाही बरोबर ठरवायचा. क्यारिकुंडा मात्र निकाल लावूनच उठायची. खांद्यावरची शाल आवळून ती दारातूनच विचारायची, “कोणी कोणाला माफ करायचंय? लवकर बोला, माझा घेवडा चुलीवर आहे.”

मग दोघांना समोरासमोर बसवायची. ‘माफ कर’ म्हणताना जो जमिनीकडे बघेल त्याला परत म्हणायला लावायची. “असं पुटपुटू नकोस. पोटातून येऊ दे. रताळी मागताना बरा आवाज फुटतो तुझा!” सासू आणि जावई, बैलावरून अबोला धरलेले सख्खे भाऊ, सवतीसवती, सगळ्यांची तोंडं तिने एकमेकांकडे वळवून दिली होती. एका नवराबायकोने तर ही बाई घरातून जावी एवढ्यासाठीच समेट केला होता, आणि तो अजून टिकून आहे.

क्यारिकुंडा तारण झालेल्यांपैकी होती. आमच्या किगेझीच्या डोंगराळ मुलखात तारण झालं म्हणजे नुसतं देवळात जाऊन भागत नाही. पोटात जे कुजत असेल ते उजेडात आणावं लागतं, आणि ज्याच्याबद्दल कुजत असेल त्याच्या तोंडावर सांगावं लागतं. त्यामुळे होतं काय, की एखादी बाई सकाळी सकाळी दारात उभी राहते, ‘मी इतकी वर्षं तुझा द्वेष केला, आज प्रभूच्या नावाने सोडला’ असं म्हणते, मिठी मारते आणि निघून जाते. आपण मात्र दिवसभर विचार करत बसतो की आपण हिचं काय घोडं मारलं होतं!

क्यारिकुंडाची स्वतःची साक्ष, म्हणजे आपलं तारण कसं झालं ते चारचौघांपुढे उठून सांगणं, साऱ्या डोंगरपट्ट्यात गाजलेली होती. ती साक्ष होती तिच्या जावेबद्दल.

जाऊ म्हणजे यूनिया, क्यारिकुंडाच्या नवऱ्याच्या चुलतभावाची बायको. घर खालच्या अंगाला, केळीच्या बागेपलीकडे. दोघी एकाच सुगीत सुना म्हणून या टेकडीवर आल्या, एकीच्या चुलीतला विस्तव दुसरीकडे जायचा. आजाऱ्याला डोंगर उतरवून दवाखान्यात न्यायची टेकडीची डोली तेव्हा यूनियाच्या घरी टांगलेली असे. वेताची लांबट टोपली, दोन बाजूंना दांडे, चार गडी. आजही आमच्याकडे तीच डोली आहे. रस्ता येणार येणार म्हणतात, पण तो अजून खालीच दम खातोय.

क्यारिकुंडाला पहिल्या मुलाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा गडी डोली आणायला धावले. बघतात तर डोलीत ज्वारी! यूनियाच्या भावाचं लग्न होतं. लग्नातल्या आंबिलीसाठी ज्वारीला मोड आणायचे होते, आणि मोड आणायला त्या टोपलीसारखी जागा नाही: वारा खेळतो, पाणी निथळतं. मोड इतके छान आले होते की मुळं वेतात गुंतून बसली होती. गडी ओरबाडताहेत, यूनिया रडत रडत दाणे वेचतेय. डोली रिकामी होऊन वर पोचेपर्यंत फार उशीर झाला. निम्म्या वाटेवर, निलगिरीखाली, चार पुरुषांच्या कोटांवर क्यारिकुंडा बाळंत झाली. मूल ठणठणीत निघालं, आईही वाचली. पण चार पुरुषांनी ‘तिकडे बघू नका रे’ म्हणत आळीपाळीने बघितलं, हे ती विसरली नाही.

तिसऱ्या दिवशी यूनिया कोंबडी घेऊन आली. क्यारिकुंडाने कोंबडी ठेवून घेतली, शिजवली, रस्सा प्यायली, आणि चौथ्या दिवशी मुलाचं नाव ठेवलं तिबेसिग्वा.

आमच्या बोलीत ‘तिबेसिग्वा’ म्हणजे ‘यांचा काही भरवसा नाही’.

यात जगावेगळं काही नव्हतं. शेजाऱ्याला तोंडावर बोलवत नाही ते आमचे लोक पोराच्या नावात घालून मोकळे होतात. पोर नसेल तर कुत्र्याच्या नावात. वरच्या अंगाच्या एका म्हाताऱ्याच्या कुत्र्याचं नाव ‘बगांबाकी’, म्हणजे ‘काय बोलतात माझ्याबद्दल?’ त्या कुत्र्याला हाक मारली की तीन घरची माणसं आत जातात. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं, आणि बोलणारा साळसूद. नावच आहे हो ते!

पुढे पोर रांगू लागलं तेव्हा खाली मैदानात मोठा प्रार्थनामेळा भरला आणि तिथे क्यारिकुंडाचं तारण झालं. ती उठली आणि हजार माणसांपुढे खणखणीत आवाजात म्हणाली, “जिच्यामुळे मी वाटेवर बाळंत झाले त्या माझ्या जावेला, यूनियाला, मी आज माफ केलं!” सारा मांडव गायला लागला. लोकांनी यूनियाला ओढत पुढे आणलं. क्यारिकुंडाने तिला अशी मिठी मारली की बिचारीचा डोक्याचा रुमाल सुटला. दोघी रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

तेव्हापासून दर मेळ्यात लोक तीच साक्ष मागू लागले. क्यारिकुंडाही देऊ लागली. दर वर्षी त्यात थोडी भर पडे. मोडांची लांबी वाढली, वाटेवर पाऊस आला, एकदा तर बिबट्याही येऊन गेला. शेवट मात्र तोच: मी माफ केलं! आणि यूनिया मांडवात मागच्या रांगेत बसून दर वर्षी माफ होत असे.

आता इतकी वर्षं गेल्यावर, दोघी विधवा झाल्यावर, यूनिया रताळ्याची टोपली घेऊन बांधावरून उतरताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिच्या मुली दूर दिल्या होत्या. शेजाऱ्यांनी उचलून आणलं, खाटेवर घातलं. सकाळी डोली दारात आली, गडी जमले. आणि यूनिया म्हणाली, “मी यात बसणार नाही.”

एनोका, आमच्या प्रार्थनेच्या बैठकीतला वडीलधारा म्हातारा, समजावून थकला. दवाखान्यात हाड बसवतात, इथे ते वाकडंच जुळेल, पुन्हा उभं राहता येणार नाही, ताप चढेल. यूनियाने भिंतीकडे तोंड फिरवलं. “इथेच मरेन. डोलीत पाय ठेवणार नाही.”

“क्यारिकुंडाला बोलवा,” एनोका म्हणाला.

क्यारिकुंडा आली ती आंबिलीचा तांब्या आणि भरपूर आत्मविश्वास घेऊन. गड्यांना बाहेर काढलं. खाटेशी बसली.

“काय गं, घाबरलीस डोलीला? आम्ही सगळ्या बसलोय त्यात. मी तर पुरता डोंगरही उतरले नाही, त्याआधीच…” आणि ती हसली.

यूनिया हसली नाही.

“हे बघ,” क्यारिकुंडाने आवाज मऊ केला, “त्या जुन्या गोष्टीचं मनात असेल तर सोड. मी केव्हाच माफ केलंय तुला.”

“हो. दर वर्षी करतेस. माईकवर.”

“मग?”

“आणि रोज संध्याकाळी?”

“रोज संध्याकाळी काय?”

“हाक,” यूनिया म्हणाली. “रोज संध्याकाळी अंगणाच्या टोकाला उभी राहतेस, तोंड खाली माझ्या घराकडे करतेस, आणि ओरडतेस. ‘यांचा काही भरवसा नाहीऽऽ!’ मी चुलीशी असते. माझा नवरा असायचा, त्याचा घास थांबायचा. पोरी लहान होत्या तेव्हा विचारायच्या, आई, त्या कुणाबद्दल ओरडतात? काय सांगणार होते मी?”

“अगं बाई, ते त्याचं नाव आहे!”

“त्याचं नाही. ते माझं नाव आहे. पोराच्या अंगावर घालून तू मला हाक मारतेस. तुला ‘तिबेसिग्वाची आई’ म्हणतात सगळे. मी कधी म्हटलंय? आठव. ‘वरच्या घरची’ म्हणते मी तुला. मला ते जिभेवर घेववत नाही. आणि आता तोच तुझा मुलगा डोलीचा पुढचा दांडा धरणार. ‘भरवसा नाही’ पुढे, मी मागे, आणि टेकडी दारात उभी राहून बघणार. नको बाई. मला इथेच राहू दे.”

क्यारिकुंडाला राग आला. तिला राग यायला वेळ लागत नसे, फक्त तारण झाल्यापासून ती त्याला दुसरं नाव द्यायची. “म्हणजे माझ्या आत्म्याचं ओझं वाढवतेस तू!” म्हणून ती उठली, तणतणत केळीच्या बागेतून वर गेली. वाटेत देवालाही सोडलं नाही. “बघितलंस ना? माफ करायचं ते करून झालं, वर हिचं ऐकून घ्यायचं! तूच सांग, हजार लोकांपुढे केली की नाही मी?”

देवाला उत्तर द्यायला तिच्या बोलण्यात फट सापडली नसेल.

अंगणात पोचली तेव्हा खालून एनोका ओरडला, “तुझ्या मुलाला बोलाव गं! ती तयार झाली तर पुढच्या दांड्याला माणूस हवा!” मुलगा वरच्या शेतात बटाटे खणत होता. फोन होता त्याच्याकडे. पण घसा असताना फोन कशाला, असं क्यारिकुंडाचं मत. ती सवयीने अंगणाच्या टोकाला गेली, सवयीने तोंडाभोवती हात धरले.

“तिबेसिग्वाऽऽ!”

आणि तिच्या लक्षात आलं की मुलगा वरच्या शेतात आहे आणि आपलं तोंड खाली आहे.

वर मुलापर्यंत हाक पोचलीच नव्हती. समोरच्या टेकडीवर आपटून हाक परत आली, जराशी लांबलेली: भरवसा नाहीऽऽ. खाली यूनियाचं घर, दार उघडं. इतकी वर्षं मुलगा शेतात असो, नदीवर असो, पाठीमागे ओट्यावर बसलेला असो, हाक जायची ती खाली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. प्रभूच्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायची, आणि घरी येऊन अंगणात उभी राहायची.

क्यारिकुंडाला लाज वाटली. ती त्याच वाटेने खाली गेली. उतरताना तिला कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही दुसरीच कोणी म्हातारी.

“यूनिया,” ती खाटेशी जमिनीवर बसून म्हणाली, “मला… म्हणजे मी…” शेकडो लोकांकडून वदवून घेतलेले ते दोन शब्द तिने स्वतः कधी म्हटलेच नव्हते. माफ करणं तिला चांगलं यायचं. मागण्याची वेळ कधी आली नव्हती, निदान तिच्या हिशेबी तरी.

“मला माफ कर,” ती जमिनीकडे बघून पुटपुटली.

“ऐकू नाही आलं,” यूनिया म्हणाली.

“मला माफ कर!”

“वर बघून म्हण.”

क्यारिकुंडाने वर बघितलं. यूनियाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठांच्या कोपऱ्यात थोडीशी मजाही होती. तिसऱ्यांदा ते शब्द पोटातून आले, आणि त्यांच्यामागून हुंदका आला तो काही केल्या थांबेना.

“रडू नकोस, माझं हाड मोडलंय, तुझं नाही,” यूनिया म्हणाली. “आणि इथे खोलीत म्हणून काय उपयोग? ते नाव साऱ्या टेकडीने ऐकलंय. हे कोण ऐकणार?”

क्यारिकुंडा डोळे पुसत उठली. तिला काय करायचं ते कळलं. आमच्या बोलीत ‘ति’ म्हणजे ‘नाही’. तेवढा काढला की उरतं बेसिग्वा: ‘यांचा भरवसा आहे’. इतकी वर्षं त्या मायलेकाच्या नात्यात एकाच अक्षराचा खडा होता, आणि तो बोचत होता तिसऱ्यालाच.

ती वर आपल्या अंगणाच्या टोकाला गेली. तोंड खाली केलं, या वेळी जाणून. “ति…” जीभ आपसूक वळली. तिने जीभ चावली, अक्षर गिळलं, आणि उरलेलं सगळं बळ लावून ओरडली.

“बेसिग्वाऽऽ!”

वरच्या शेतात मुलगा मान खाली घालून खणत राहिला. ते काही त्याचं नाव नव्हतं.

“बेसिग्वाऽऽ! यांचा भरवसा आहेऽऽ!”

समोरच्या टेकडीवरून एका बाईचा आवाज आला, “कोण हरवलंय गं?”

“माझा मुलगाऽऽ!”

“तो तिबेसिग्वा ना? वर शेतात दिसतोय की!”

“तो नाहीऽऽ! ‘ति’ काढला मीऽऽ!”

“काय काढलं? दात?”

“‘ति’ऽऽ! माझ्या जावेला देऊन टाकला! नाही, देऊन नाही, फेकून दिलाऽऽ!”

तोवर चारी बाजूंची माणसं बांधांवर येऊन उभी राहिली होती. क्यारिकुंडाला उन्हाचा झटका बसला असं कुणी म्हणालं. एकाने ‘बेसिग्वा, तुझी आई बोलावतेय’ असा निरोप पुढे दिला, दुसऱ्याने ‘कोण बेसिग्वा?’ विचारलं, आणि टेकडीभर ते नाव या बांधावरून त्या बांधावर फिरत राहिलं. खाली यूनियाच्या अंगणात एनोकाने टोपी काढली आणि गायला सुरुवात केली. म्हाताऱ्याचा सूर कधीच लागत नाही, त्या दिवशीही लागला नाही, पण गडी त्याच्या मागोमाग म्हणू लागले.

मुलगा कुदळ टाकून धावत आला. दोन मुलांचा बाप झालेला, बाहेरून आडदांड, आतून गरीब गडी. “आई, तुला बरं नाही का? अर्धीच हाक मारतेस!”

क्यारिकुंडाने त्याला सगळं सांगितलं. तिच्या मानाने फारच थोडक्यात. तो कपाळावरची माती पुसत ऐकत राहिला.

“म्हणजे ते काकूबद्दल होतं?” तो म्हणाला. “मला वाटायचं, माझ्याबद्दल आहे.”

“तुझ्याबद्दल?”

“हो. जन्मताना बघूनच ओळखलं असशील, असं वाटायचं. याचा काही भरवसा नाही. म्हणून मी डोलीला कधी उशीर केला नाही, आई. रात्री हाक आली तरी अनवाणी पळायचो. म्हटलं, निदान डोलीच्या बाबतीत तरी कुणाला नाव खरं वाटायला नको.”

क्यारिकुंडाने त्याचे मातीने भरलेले दोन्ही हात धरले. मग त्याच दिवशी दुसऱ्यांदा तिने माफी मागितली, आणि या वेळी कुणाला वर बघ म्हणावं लागलं नाही.

“चल गं, काकू वाट बघतेय,” तो म्हणाला. तो अवघडला होता. आमच्याकडे पुरुषांना असं कुणी हात धरून रडलेलं सहन होत नाही.

यूनियाला डोलीत घातलं तेव्हा ती कळवळली, नंतर मात्र राणीसारखी हुकूम सोडू लागली. उशी वर घ्या, घोंगडं खाली घ्या, मागच्या गड्याने दारू प्यायली आहे का बघा. पुढचा दांडा बेसिग्वाने धरला. क्यारिकुंडा बाजूने चालत होती, एका हाताने डोलीचा काठ धरून, जणू तिच्याच हाताने ती तोलली गेली होती.

“यूनिया,” थोडं उतरल्यावर तिने विचारलं, “केलंस ना मला माफ?”

“करतेय,” यूनिया म्हणाली. “आज केलं. उद्याचं उद्या.”

“असं कसं? माफी एकदाच असते!”

“तुझी वर्षातून एकदाच होती. म्हणून तर टिकली नाही. तू रोज हाक मारत होतीस, मीही रोज करीन. तू रोज संध्याकाळी चांगली हाक मार, मी रोज संध्याकाळी माफ करते. बघू कोण आधी थकतं ते.”

पुढच्या दांड्याखाली बेसिग्वाचे खांदे हलायला लागले. तो रडतोय की काय, असं आईला वाटलं. तो हसत होता. डोली हिंदकळली आणि यूनियाने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली: “ए बेसिग्वा, हळू! माझ्या हाडावर हसतोस का?”

हाड जुळलं. यूनिया आता काठी घेऊन चालते, थोडी लंगडते, पण बोलते पूर्वीपेक्षा जास्त. मेळ्यात क्यारिकुंडा साक्ष द्यायला उठली की लोक नवीच मागतात, आणि ती सांगताना मध्येच अडखळते, कारण या साक्षीत ती चांगली दिसत नाही. बिबट्या अजून आलेला नाही.

संध्याकाळी मात्र ती अंगणाच्या टोकाला असते. हाक मारते आणि थांबते. खालून यूनिया ओरडते, “केलं गंऽऽ!” कधी थकलेली असली, किंवा कुणाचा राग आलेला असला, की तिची जीभ जुन्या वाटेने जाते आणि ‘ति’ निघून जातो. मग खालून उत्तर येत नाही. क्यारिकुंडा स्वतःच्या तोंडावर चापट मारते, श्वास घेते आणि पुन्हा हाक मारते, खालून उत्तर येईपर्यंत.